धबधब्याच्या अलीकडची सात घरं

९ जानेवारी

निवृत्त झालो तेव्हा शाळेने मला एक घड्याळ आणि ही जाड वही दिली. घड्याळ त्याच वर्षी बंद पडलं. वही कोरीच राहिली, कारण निवृत्त पीटी मास्तराच्या आयुष्यात लिहून ठेवावं असं काही घडत नाही. आता घडणार आहे. आजपासून मी मार्गदर्शक आहे.

हा हुद्दा मला मुलाने दिला. एर्मेक पानगळीच्या सुमाराला मॉस्कोहून परत आला. तिथे तो गोदामात खोकी उचलायचा. आता म्हणतो, "अताके, उन्हाळ्यात माणसं तळ्यावर पोहायला येतात आणि जातात. हिवाळ्यात आपल्या कॉकमुझ घळीतला धबधबा गोठतो, तो कोणी बघितलाय? बुटांना काटे बांधायचे, घळीतून चालत न्यायचं, धबधबा दाखवायचा, संध्याकाळी परत. शहरातली माणसं याच्यासाठी जीव टाकतात." गाडी आणि फोन तो सांभाळणार, स्वयंपाक कानिम, म्हणजे माझी बायको, आणि वाट दाखवायचं काम माझं.

बिश्केकच्या एका पर्यटन कंपनीने सांगितलंय की फेब्रुवारीत आमचं माणूस पाठवू, पसंत पडलं तर दर आठवड्याला गट येतील. पसंत पडलं नाही तर एर्मेक मॉस्कोला परत जाणार. मित्राने गोदामातली जागा त्याच्यासाठी धरून ठेवली आहे. त्याची निळी बॅग अजून दाराशीच आहे. कपडे तो तिच्यातून काढतो आणि धुऊन वाळवून तिच्यातच ठेवतो. कानिमने त्याच्यासाठी कपाट रिकामं केलं होतं. ते रिकामंच आहे.

या वहीत खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे, म्हणून लिहितो. ती बॅग दिसली की मी दुसरीकडे बघतो.

शाळेतली शिटी शोधून ठेवली. अजून वाजते.

१४ जानेवारी

पहिला गट आला. बिश्केकच्या एका बँकेतल्या तीन बायका. त्यांची पुढारी तुर्सुनाय नावाची जाडजूड, हसरी बाई. मी त्यांना एका रांगेत उभं केलं, गुडघे वर उचलायला लावले, श्वास कसा घ्यायचा ते सांगितलं. तुर्सुनायने मास्तरांना हाक मारावी तसं विचारलं, "आगाय, नापास झालो तर घरी पाठवणार का?" मी म्हटलं, शिस्त नसेल तर बर्फ कोणालाच उभं करत नाही. बायका गंभीर झाल्या, निदान मला तरी तसं वाटलं.

आमचं घर सारीताल गावाच्या खालच्या टोकाला. घळ वरच्या टोकाला. मध्ये रस्त्यालगत सात घरं आणि सातही आमच्याच भाऊबंदांची. ऊन घळीत दुपारी थोडा वेळच उतरतं आणि तेवढ्यातच धबधबा आतून निळा होतो, म्हणून मी सकाळीच निघालो.

पहिल्या घराच्या फाटकात माझी थोरली बहीण, अनारकान एजे, हातात नान घेऊन उभी होती.

"तोंड लावून जा गं पोरींनो."

दारावरून पाहुणा नानचा तुकडा तोंडात न घालता गेला तर त्या घराची पत राहत नाही. मी पाहुण्यांना सांगितलं की एकेक तुकडा घ्या, उभ्यानेच चावा आणि चला. पण त्या आत गेल्या, बूट काढले. बूट निघाले की सगळं संपलं. साय आली, जर्दाळूचा मुरांबा आला, तळलेले बोरसोक आले, चहाच्या वाट्या भरल्या आणि रिकाम्या होऊन पुन्हा भरल्या. दुसऱ्या घरी मेंढीचं गरम सूप होतं. तिसऱ्या घरी नुकतं बारसं झालं होतं, त्यामुळे तिथे जेवणच होतं. चौथ्या घरात तुर्सुनाय भिंतीला टेकली ती टेकलीच. एजेही मागोमाग तिथे येऊन पोचली होती आणि तिने गाणं सुरू केलं. मी दोनदा शिटी वाजवली. तिसऱ्या घरातलं तान्हं मूल जागं झालं, बस्स.

धबधबा राहिला. बायका काखेत नान घेऊन, गाणी म्हणत गाडीत बसल्या. तुर्सुनायने कानिमला मिठी मारली, तिचा नंबर घेतला आणि हसत हसत म्हणाली, "अशी सहल जन्मात केली नव्हती." टोमणा माझ्या काळजाला लागला.

एर्मेक आत आला. बॅगेतून कोरडे मोजे काढून पायात घातले आणि ओले तिच्यावर वाळत टाकले.

१६ जानेवारी

अनारकान एजेला स्पष्ट सांगायला गेलो.

"एजे, गट आला की हाक मारायची नाही."

"का? मी हाक मारली की तुझ्या गटाला भोवळ येते?"

"त्यांना धबधबा बघायचा असतो."

"मग? धबधबा पळून जातोय? गोठलाय ना मेला?"

"ऊन फार थोडा वेळ असतं. पोराच्या पोटावर पाय देऊ नकोस."

तेव्हा तिचा चेहरा बदलला. "पोराच्या पोटाची काळजी तू मला शिकवू नकोस. तू त्याला पोहायला शिकवलंस, खायला मी शिकवलं. माझ्या दारावरून माणसं तशीच गेली आणि वर घसरून कोणाची तंगडी मोडली तर गाव कोणाला बोलेल? तुझ्या धबधब्याला?"

"तरी सांगतो..."

"बस आधी. चहा घे."

"मी भांडायला आलोय, एजे."

"मग भांडायला ताकद नको?"

संध्याकाळी घरी आलो. कानिमने विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, चर्चा सकारात्मक झाली. जेवलो नाही, पोटात जागा नव्हती.

२० जानेवारी

उपाय सापडला आणि तो मला सुचला, हे इथे नोंदवून ठेवतो.

सातही घरांच्या मागून ओढा जातो. चांगला खोल आहे. हिवाळ्यात तो गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोठतो आणि त्यावरून थेट घळीत जाता येतं. काठ इतका उंच की ओढ्यातून चालणारा माणूस घरातून दिसत नाही. म्हणजे रस्ता सोडायचा आणि बर्फावरून, काठाच्या आडोशाने, सातही घरं मागे टाकायची.

आज एकट्याने जाऊन पाहिलं. लहानपणानंतर मी ओढ्यात उतरलो नव्हतो. बर्फ काही ठिकाणी दुधासारखा पांढरा, काही ठिकाणी इतका स्वच्छ की खाली पाणी पळताना दिसतं. हवेचे बुडबुडे मधल्यामध्ये अडकून राहिलेले. काठावरच्या काटेरी झुडपांना नारिंगी फळं तशीच आणि प्रत्येक फळाभोवती बर्फाचं टरफल. बराच वेळ नुसता उभा राहिलो. ते तपासणीचाच भाग होतं.

एके ठिकाणी मी खाली बसलो. कोणी पाहिलं असतं तर पडला म्हणालं असतं. बर्फ मोडून कमरेपर्यंत आत गेलो आणि फोन भिजला. तो आता चालत नाही. यापुढे सहलीचे फोन कानिमच्या फोनवर येतील.

रात्रीच्या जेवणाआधीच कानिमला नवी वाट समजावून सांगितली. ती म्हणाली, "हुशार आहात हो." मग फोन घेऊन कोंबड्या बघायला बाहेर गेली. कोंबड्यांना अंधारात बघायला फोनचा दिवा लागतो.

२४ जानेवारी

हॉलंडचं एक जोडपं आलं. दोघंही एवढी उंच की काठाखालून नेताना मला त्यांना वाकून चालायला सांगावं लागलं. ते बर्फाचं तंत्र आहे असं मी एर्मेककडून त्यांना कळवलं. दोघं निमूटपणे वाकून चालली.

पहिलं घर गेलं. दुसरं गेलं. हॉलंडकर दर चार पावलांवर थांबून बर्फाचे फोटो काढत होता आणि काहीतरी पुटपुटत होता. एर्मेक म्हणाला, "अताके, तो म्हणतो, असा रस्ता त्याने कुठेच पाहिला नाही. तो विचारतो, हा शोधला कोणी?" मी म्हटलं, नाव सांग. पूर्ण नाव सांग.

वळण घेतलं आणि समोर, ओढ्याच्या मधोमध, बर्फावर समोवार. त्याच्या बाजूला नमद्याचा गालिचा. गालिच्यावर अनारकान एजे, तिसऱ्या घरची सून आणि पाचव्या घरच्या दोघी जावा. समोवारमधून वाफ निघत होती.

"आलात?" एजे म्हणाली. "रस्त्यावर नको म्हणालास, म्हणून इथे आलो."

हॉलंडच्या बाईने एर्मेकला विचारलं की या बायका इथेच राहतात का. एर्मेक पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. पोराला रडू फुटलं असावं. मलाही भरून आलं.

उठायची वेळ आली तेव्हा एजेने नानचा एक जाड तुकडा माझ्या कोटाच्या आतल्या खिशात कोंबला. "वर खा. घामाने गळाला आहेस." नान टाकता येत नाही आणि तिच्याशी वादही घालता येत नाही. राहू दिला.

धबधब्याशी पोचलो तोवर ऊन कड्यावर चढून गेलं होतं. राखाडी बर्फ दिसला. हॉलंडकर तरीही खूश होता. परदेशी माणसं वाईट वाटलं तरी दाखवत नाहीत, हे मी ऐकून आहे.

प्रश्न असा: आम्ही ओढ्यातून येणार हे एजेला कळलं कसं? वाट फक्त मला, एर्मेकला आणि कानिमला माहीत होती. माझा संशय दुकानदारणीवर आहे. काल काडेपेटी घ्यायला गेलो तेव्हा ती माझ्या बुटांकडे फार वेळ बघत होती.

३ फेब्रुवारी

कंपनीचा निरोप आला. दहा तारखेला सेझिम नावाची बाई स्वतः येणार, पूर्ण सहल करणार आणि मग निर्णय.

मी फितुराला चकवायचं ठरवलंय. दुकानात मोठ्याने बोललो की पाहुणी बारा तारखेला येणार. खरी तारीख फक्त घरात.

९ फेब्रुवारी

जेवताना एर्मेक म्हणाला, "उद्या एकदाच, फक्त एकदाच नीट होऊ दे." पोराचा आवाज तुटला. या वयाच्या मुलाचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मॉस्कोहून फोन करायचा तेव्हाही तो हसूनच बोलायचा.

कानिमने त्याच्याकडे बघितलं. मग उठून कोंबड्या बघायला गेली. आज बराच वेळ लागला. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. बाहेर थंडी फार आहे.

१० फेब्रुवारी

दिवस फत्ते. सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणाला उपयोग होईल.

सेझिम तिशीची, चपळ. काटे स्वतः बांधले, रांगेत सरळ उभी राहिली. आम्ही ओढ्यात उतरलो. मी पुढे, मध्ये ती, मागे एर्मेक. पहिल्या घराखाली मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि कान दिला. काही नाही. पुढे गेलो. दुसरं, तिसरं. माणूस नाही, समोवार नाही, हाक नाही. चुलींचा धूर मात्र सातही घरांतून येत होता. काठ जिथे थोडा खचलाय तिथून मला एजेची खिडकी दिसली. एजे काचेमागे उभी होती, हातात नान. बाहेर आली नाही. मला वाटलं, जिंकलो. मग का कोण जाणे, थोडं ओशाळल्यासारखं झालं. ते मी मनातून काढून टाकलं.

घळीत आत गेलो. दोन्ही बाजूंना लाल कडे, वर आकाशाची फीत. कड्यांवरून पाणी झिरपता झिरपता गोठलेलं, त्याचे पडदे आणि खांब. आत शिरलं की आपला श्वासही मोठा ऐकू येतो. सेझिमने हातमोजा काढून बर्फाला हात लावला. मी तिला सांगितलं की बोटं चिकटतील, आणि चिकटली. मग मी थर्मासमधला थोडा चहा ओतून ती सोडवली. अशा प्रसंगासाठीच अनुभवी माणूस लागतो.

धबधब्याशी ऊन उतरण्याच्या आधी पोचलो. आयुष्यात प्रथमच मी कुठे गट घेऊन वेळेच्या आधी पोचलो. मग ऊन कड्याच्या खाचेतून आलं आणि तो सगळा बर्फ आतून पेटला. निळा, मग हिरवा, मग मध्ये कुठेतरी पिवळा. एर्मेकने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी धबधब्याची उंची, बर्फाची जाडी आणि थंडीत सांध्यांचा व्यायाम या विषयांवर बोललो. सेझिमने शेवटपर्यंत ऐकलं.

परतताना ती म्हणाली, "आगाय, सगळं अगदी वेळेवर झालं."

इतकी शाबासकी मला शाळेत कधी मिळाली नाही.

मग ती काठाकडे बघत म्हणाली, "वर घरं आहेत ना? तुमच्याकडे येऊन गेलेल्या बँकेतल्या बायका माझ्या ओळखीच्या, त्या काहीतरी सांगत होत्या."

"होती ती अडचण," मी म्हटलं, "आता समूळ काढून टाकली आहे."

"हो का," ती म्हणाली. ती थोडी वाकून चालत होती, मान मात्र पुन्हा पुन्हा वर जात होती. मानेचा व्यायाम हवा तिला.

हिमवृष्टी सुरू होणार म्हणून ती घाईने निघाली. कानिमने फाटकात नान पुढे केला. सेझिमने तुकडा तोंडात घातला आणि चावता चावता थांबली, जणू काही विचारायचं होतं. मग ड्रायव्हरने हॉर्न दिला.

१३ फेब्रुवारी

कंपनीने नकार दिला. मजकूर सभ्य होता. धबधबा सुंदर आहे, व्यवस्था चोख आहे, मात्र असे धबधबे शहराच्या जवळही आहेत.

एर्मेकने वाचून दाखवलं, फोन बंद केला आणि बाहेर जाऊन लाकडं फोडली. पुढच्या वर्षाचीसुद्धा फोडली. सोळा तारखेला ड्रायव्हर मेलिसच्या गाडीने बिश्केकला आणि तिथून विमानाने मॉस्कोला.

माझं काय चुकलं तेच कळत नाही. सगळं वेळेवर झालं होतं.

दुपारी त्या तुर्सुनायचा फोन आला, कानिमच्या फोनवर. मीच उचलला. तिला बँकेतल्या सगळ्यांना घेऊन यायचं होतं. मी म्हटलं, "या जरूर. आणि निश्चिंत राहा, मागच्या वेळचा प्रकार आता बंद केलाय. वाटेत कुठेही थांबणं नाही, कोणाच्या घरी जाणं नाही, थेट धबधबा."

मग ती म्हणाली, "अरेरे. मग राहू द्या, आगाय."

माणसं विचित्र असतात. कानिम चुलीशी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तिच्या हातात मुकाट्याने फोन दिला.

संध्याकाळी बॅग भरून बंद झालेली बघितली. आतापर्यंत ती उघडी असायची. झोप येणार नाही असं वाटतं.

१६ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहायचं आहे. दाढ दुखते आहे, तिचं कारण पुढे येईल.

मेलिस सकाळी गाडी घेऊन आला. माझाच विद्यार्थी. एर्मेकने कोट घातला, बॅग उचलली आणि उंबऱ्याशी उभा राहिला. आता आई नान पुढे करणार, मुलगा एक घास तोडणार आणि बाहेर पडणार. गेल्या खेपेलाही असंच झालं होतं.

"अपा, नान," एर्मेक म्हणाला.

कानिम चुलीकडे तोंड करून उभी होती. "नान संपला."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली. या घरात मीठ संपलंय, साबण संपलाय, एकदा छप्पर संपलं होतं. नान कधी संपला नव्हता.

"संपला म्हणजे?"

"पीठ फुगलं नाही."

तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. मी वाद घातला नाही. शेवटी प्रवासाला निघालेलं माणूस, ते काही नानला तोंड लावल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. उसना आणलेला नान आपल्या छपराखाली आला की आपलाच. मी कोट चढवला आणि निघालो. मी वेळ पाळणारा माणूस आहे.

पहिल्या घरी अनारकान एजे मोठ्या लाकडी पेटीवर बसली होती. "नान? आज नाही बाबा." पेटीच्या फटीतून वाफ येत होती. मी म्हटलं, एजे, पेटी जळतेय का? ती म्हणाली, "जुनी आहे, असं होतं."

दुसऱ्या घरी म्हणाले, उंदराने नेला. सगळा? सगळा. तिसऱ्या घरची सून मला दारातच भेटली. भट्टी थंड आहे म्हणाली, आणि तिच्या मागे भट्टी अशी भडकली होती की तिचे गाल लाल झाले होते. चौथ्या घरात कोणी दार उघडलं नाही, पण आत हसणं ऐकू आलं आणि मग कोणीतरी कोणाला तरी गप्प केलं. पाचव्या घरच्या जावा एका सुरात म्हणाल्या, "नाही." मी विचारलंही नव्हतं. सहाव्या आणि सातव्या घरीही तेच. सगळ्या सारीतालमध्ये ताज्या नानचा असा वास सुटला होता की कुत्री रस्त्यावर येऊन बसली होती. ज्या गावाने अनोळखी माणसांना रस्त्यावरून, ओढ्यातून ओढून ओढून नान खायला घातला, त्या गावात माझ्या मुलासाठी एक तुकडा नव्हता. मला भयंकर राग आला. परत येताना डोळ्यांतून पाणी येत होतं, वारा समोरचा होता.

फाटकात मेलिस गाडीला टेकून उभा होता. "आगाय, नानला तोंड लावल्याशिवाय मी माणूस गाडीत घेत नाही. वाटेतल्या बोमच्या घाटात रस्ता काचेसारखा झालाय."

"तुझ्याकडे असेल ना एखादा?"

"होता. खाल्ला." त्याच्या मिशीत तीळ अडकला होता.

घरात आलो. एर्मेक तिथेच उभा होता, बॅग हातात. कानिमची पाठ अजून चुलीकडेच.

"मिळाला, अताके?"

मला नाक पुसायचं होतं. रुमालासाठी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि बोटांना काहीतरी कडक लागलं. एजेने ओढ्यात कोंबलेला तुकडा. दगड झाला होता, पण नान तो नानच. एवढासा पुढे केला असता की झालं असतं. मुलाने दात लावले असते, मेलिसने गाडी सुरू केली असती आणि माझं काम वेळेवर पार पडलं असतं.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर माझ्यासारखीच आठी पडायला लागली आहे. हे मी कधी बघितलं नव्हतं, कारण तो कायम निघालेला असायचा.

"नाही," मी म्हटलं. "सगळ्या गावात नाही."

वहीत खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं.

एर्मेकने खिडकीतून बाहेर बघितलं. सातही धुराड्यांतून धूर निघत होता. "सगळ्या गावात?" त्याने पुन्हा विचारलं. मग तो बॅगेवर बसला आणि हसायला लागला, त्या दिवशी ओढ्यात हलत होते तसेच त्याचे खांदे हलायला लागले. ते रडणं नव्हतंच तर. हसता हसता त्याने डोळे पुसले, कानिमने डोक्याच्या रुमालाने पुसले, मीही पुसले. बाहेर मेलिस थोडा वेळ थांबला आणि मग गाडी घेऊन निघून गेला.

दुपारी चहाला दस्तरखान अंथरलं तर मधोमध चार गरम नान. मी कानिमकडे बघितलं.

"आत्ता फुगलं पीठ," ती म्हणाली.

एर्मेकने पहिला तुकडा तोडला, साय लावली, खाल्ला. "आता तोंड लावून झालं. जाऊ?"

"गाडी गेली," कानिम म्हणाली. "दुसरा घे."

जेवण झाल्यावर मला त्या खिशातल्या तुकड्याची धास्ती वाटायला लागली. टाकता येत नाही. कानिम कोट झटकायला घेईल तेव्हा सापडेल आणि मग मी काय सांगणार? म्हणून घरामागे गेलो, कोंबड्यांच्या खुराड्याआड उभा राहिलो आणि खाऊन टाकायला सुरुवात केली. तुकडा पडला, पण दाढेचा. नानचा जेमतेम चुरा निघाला.

पलीकडून कानिमचा आवाज आला. फोनवर बोलत होती.

"हो, तुर्सुनाय, सातही घरं. रविवारी या. त्या सेझिमलाही घेऊन या, तिला म्हणावं उपाशी ये. नाही गं, ते काय बोलले ते मनावर घेऊ नकोस. ओढ्यातूनच आणतील, वाट मजेची आहे, बर्फावर चहाही मिळेल. धबधबा? छे छे. धबधब्यापर्यंत कोणी पोचणार नाही, माझा शब्द आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. धबधब्यात ऊन उतरतं तसाच, उशिरा आणि एकदम. दुकानदारणीची मनातल्या मनात माफी मागितली.

फोन ठेवून कानिम वळली तर समोर मी, तोंडातल्या तुकड्याने गाल फुगलेला.

"तुम्ही इथे काय करताय?"

"कोंबड्या बघतोय," मी कसंबसं म्हटलं.

तिने माझ्या गालाकडे बघितलं, मग खिशाकडे, मग खाली पडलेल्या चुऱ्याकडे, जो कोंबड्यांनी बघता बघता टिपला.

"मीपण," ती म्हणाली.

मग आम्ही दोघं बराच वेळ कोंबड्या बघत उभे राहिलो.